कोड ६५ कोणाचा? प्रोटोकॉलमधल्या राखीव आणि व्हेंडर कमांडची नोंद कशी लिहायची

मे महिन्यात चोपडा तालुक्यातल्या एका केळीच्या बागेत आम्ही नवा फ्लो मीटर जोडला. बागेत आमचा व्हॉल्व्ह कंट्रोलर आधीपासून होता. दोघं एकाच आरएस-४८५ च्या वायरवर, म्हणजे अनेक यंत्रांना जोडणाऱ्या एका सामाईक तारेवर, आणि दोघं मॉडबस हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांची आपसातली ठरलेली भाषा, बोलणारे. आमच्या मास्टरचं, म्हणजे बाकीच्यांना विनंत्या पाठवणाऱ्या मुख्य यंत्राचं, सॉफ्टवेअर रोज रात्री वायरवरच्या प्रत्येक डिव्हाइसला कमांड ६५ पाठवायचं. आमच्या कंट्रोलरमध्ये ६५ म्हणजे 'दिवसाचा लॉग वाच'. मीटर दुसऱ्या कंपनीचा होता, आणि त्याच्यात ६५ म्हणजे 'टोटलायझर शून्य कर'. म्हणजे रोज रात्री पाण्याचा सगळा हिशोब पुसला जात होता आणि पुसणारे आम्हीच होतो.

बागेचे मालक आबा रोज सकाळी फोन करायचे, "पानी तं चालू शे, मंग मीटर शून्य कसं?" आम्ही मीटर बदलला, वायर बदलली, टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर बदलला. तीन आठवडे गेले. शेवटी एका रात्री लॅपटॉप लावून वायरवरचा प्रत्येक बाइट पाहिला तेव्हा कारण सापडलं. त्या मीटरच्या मॅन्युअलमध्ये ६५ समोर एकच शब्द छापलेला होता, 'राखीव'. आमच्या मॅन्युअलमध्ये ६५ चा उल्लेखच नव्हता.

इथे कोणीही मॉडबसचा नियम मोडलेला नव्हता. ६५ हा क्रमांक ज्याने त्याने आपापला अर्थ द्यावा म्हणूनच मोकळा ठेवलेला आहे. चूक होती ती दोन कागदांची, आणि त्यातला एक कागद आमचा होता.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेली मुलंमुली ठिबकचं ऑटोमेशन, मोबाइल स्टार्टर, शीतगृह, वीज मीटर अशा कामांत येतात. पहिल्या महिन्यात त्यांच्यावर हमखास एक काम येतं, "जरा ह्या कमांड लिहून काढ." हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरणं बहुतेक मॉडबसची घेतली आहेत, कारण शेतात तुमची गाठ त्याच्याशीच पडेल. पण स्वतःचा छोटा प्रोटोकॉल लिहीत असाल तरी पायऱ्या ह्याच.

आधी एक प्रश्न: नवी कमांड हवीच आहे का?

मॉडबसमध्ये रजिस्टर (डिव्हाइसमधला आकडा ठेवायचा क्रमांकित कप्पा) वाचायला ३, एक रजिस्टर लिहायला ६ आणि अनेक रजिस्टर एकदम लिहायला १६ हे फंक्शन कोड, म्हणजे कमांडचे क्रमांक, आहेत. ओलावा वाचणं, व्हॉल्व्ह उघडणं, वेळ बसवणं हे सगळं त्यात बसतं. माझ्या अनुभवात ज्या कामासाठी नवी कमांड मागितली जाते, त्यातलं बरंचसं काम रजिस्टरच्या तक्त्यात चार ओळी वाढवून होतं. नवी कमांड घ्यावी ती जिथे काम रजिस्टरच्या साच्यात बसतच नाही तिथे. मोठा लॉग तुकड्यातुकड्याने वाचणं किंवा फर्मवेअर (डिव्हाइसच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर) बदलणं ही तशी कामं. हा प्रश्न विचारून झाल्यावरच पुढे चला.

पायरी १: संपूर्ण नकाशा काढा, एकही क्रमांक बिनमालकीचा सोडू नका

मॉडबस १९७९ साली मोडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसीसाठी (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी) काढला. त्यात फंक्शन कोड एका बाइटचा, म्हणजे ० ते २५५. नवशिका माणूस आपल्या कमांडची यादी करतो: ३, ६, १६, ६५, ६६. ही यादी झाली, नकाशा नाही. तलाठ्याकडे गावाचा नकाशा असतो, त्यात प्रत्येक गट कोणत्या ना कोणत्या नावावर असतो. पडीक असला तरी, गायरान असलं तरी, नदीपात्र असलं तरी. तसा तक्ता करा. मॉडबसचा तक्ता साधारण असा दिसतो:

० : वापरता येत नाही.
१ ते १२७ : विनंतीसाठी.
त्यातले ६५ ते ७२ आणि १०० ते ११० : वापरणाऱ्याने ठरवायचे. एकूण १९ क्रमांक.
त्यातलेच ९, १०, १३, १४, ४१, ४२, ९०, ९१, १२५, १२६, १२७ : काही कंपन्यांच्या जुन्या मालात वापरात असल्यामुळे राखीव.
उरलेले : सार्वजनिक. काहींना अर्थ दिलेला आहे, काहींना अजून दिलेला नाही.
१२८ ते २५५ : नकाराच्या उत्तरासाठी.

शेवटची ओळ नीट समजून घ्या, कारण नवे लोक इथेच अडकतात. डिव्हाइसला विनंती मान्य नसेल तर ते त्याच कोडमध्ये १२८ मिळवून उत्तर देतं. ६५ नाकारला तर उत्तरात १९३ येतो आणि त्यामागे कारणाचा एक बाइट येतो. म्हणून १९३ हा क्रमांक कोणाच्या यादीत दिसत नसला तरी रिकामा नाही. एका मुलाने आमच्याकडे '२०० मोकळा दिसला म्हणून' कमांड २०० बनवली होती. मास्टरच्या लायब्ररीने ते उत्तर म्हणजे ७२ चा नकार समजून फेकून दिलं. लायब्ररीचं बरोबरच होतं.

कोडसारखाच पत्त्यांचाही नकाशा हवा. मॉडबसच्या सीरियल वायरवर ० हा पत्ता सगळ्यांसाठी, १ ते २४७ डिव्हाइससाठी आणि २४८ ते २५५ राखीव.

साक्री भागात पांझरेच्या काठी फड पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे चटकन पटेल. एका फडात एकच पीक घ्यायचं असतं, कारण पाट सगळ्यांचा आहे. मधेच कोणी स्वतःच्या मनाचं पीक लावलं तर सगळ्यांची पाळी बिघडते. स्वतःच्या विहिरीवरच्या मळ्यात मात्र तुम्ही काय लावता ते कोणी विचारत नाही. सार्वजनिक कोड म्हणजे फड, ६५ ते ७२ म्हणजे मळा. पण आरएस-४८५ ची वायर हा शेवटी पाट आहे. मळ्यातली कमांडसुद्धा त्याच पाटातून जाते आणि वाटेतल्या प्रत्येकाला ऐकू येते. आमच्या ६५ चं नेमकं हेच झालं.

पायरी २: 'रिकामं' किती प्रकारचं ते वेगळं करा

तक्त्यात ज्या क्रमांकाला आज काम नाही त्या सगळ्यांसमोर 'राखीव' लिहून टाकायची सवय फार वाईट. इंटरनेटच्या क्रमांकांची नोंद ठेवणाऱ्यांसाठी २०१७ साली आलेल्या आरएफसी ८१२६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या कामाचे क्रमांकित दस्तऐवज) 'अजून न दिलेला' आणि 'राखीव' हे वेगळे शब्द आहेत, आणि तो फरक कामाचा आहे. मी सहा शब्द वापरतो:

दिलेला: अर्थ ठरलेला, पान क्रमांक सोबत.
न दिलेला: कोणाचाच नाही, मागितला तर मिळेल.
राखीव: मागितला तरी मिळणार नाही. कारण लिहिलेलं असलंच पाहिजे.
व्हेंडरचा: कंपनीने स्वतःचा अर्थ द्यावा. दोन कंपन्यांचा अर्थ वेगळा असू शकतो.
प्रयोगाचा: टेबलावरच्या चाचणीपुरता. ग्राहकाकडे गेलेल्या मालात कधीच नाही.
निवृत्त: पूर्वी अर्थ होता, आता नाही, आणि पुन्हा दुसऱ्या कामाला द्यायचा नाही.

राखीव ठेवण्याची कारणं तीनच असतात. पुढे लागेल म्हणून, जुन्या मालात आधीच वापरलेला आहे म्हणून, किंवा रचनेमुळे वापरताच येत नाही म्हणून. मॉडबसचा ९० दुसऱ्या प्रकारचा, १९३ तिसऱ्या प्रकारचा. पहिल्या प्रकारासाठी एमक्यूटीटी ह्या, सेन्सरसारख्या छोट्या यंत्रांचे निरोप नेटवर्कवरून पोहोचवणाऱ्या प्रोटोकॉलचं उदाहरण पाहा. त्याच्या ३.१.१ ह्या आवृत्तीत पॅकेटचे प्रकार ० आणि १५ राखीव होते. आवृत्ती ५ मध्ये १५ ला काम मिळालं, ओळख पटवण्याची देवाणघेवाण करणाऱ्या 'ऑथ' पॅकेटचं. ० अजूनही राखीवच आहे. ज्यांनी मधल्या काळात १५ 'कोणी वापरत नाही' म्हणून आपल्या मालात घातला असेल, त्यांचा माल आवृत्ती ५ शी भांडणार. कारण शेजारी लिहिलेलं असलं की वाचणाऱ्याला हा धोका दिसतो. नुसत्या 'राखीव' शब्दातून दिसत नाही.

निवृत्त हा प्रकार लोक विसरतात. तुमच्या दृष्टीने ती कमांड गेली. पण रावेर-यावलकडच्या एखाद्या पॅनेलमध्ये पाच वर्षांपूर्वीचं फर्मवेअर अजून चालू असतं आणि ते बदलायला कोणी जात नाही. त्या कंट्रोलरला जुना अर्थच माहीत आहे.

पायरी ३: प्रत्येक राखीव क्रमांकाला दोन वाक्यं, एक पाठवणाऱ्यासाठी आणि एक घेणाऱ्यासाठी

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. 'राखीव' हा शब्द कोणालाच काही सांगत नाही. मास्टरचं सॉफ्टवेअर लिहिणारी मुलगी विचारणार, 'मी हा पाठवू का?' डिव्हाइसचं फर्मवेअर लिहिणारा विचारणार, 'मला हा आला तर काय करू?' दोघांनाही कागदावर उत्तर मिळालं नाही तर दोघं आपापल्या अंदाजाने चालतात. हे अंदाज पुढे दहा वर्षं यंत्रांत बसून राहतात.

याचं मोठं उदाहरण इंटरनेटवरच आहे. आयपी आवृत्ती ४ मधले २४० पासून सुरू होणारे पत्ते १९८९ च्या आरएफसी १११२ मध्ये भविष्यासाठी राखीव ठेवले गेले. तो सुमारे २६ कोटी ८४ लाख पत्त्यांचा पट्टा आहे. राखीव म्हणजे चुकीचा, असा अर्थ अनेक ऑपरेटिंग सिस्टिम आणि राउटर बनवणाऱ्यांनी घेतला आणि तिथून आलेलं पॅकेट टाकून द्यायचा कोड लिहिला. फेब्रुवारी २०११ मध्ये इंटरनेटचे क्रमांक वाटणाऱ्या आयाना ह्या संस्थेकडचे मोकळे पत्ते संपले, आणि तोवर हा पट्टा सार्वजनिक वापरासाठी काढणं अवघड होऊन बसलं होतं, कारण जगभरची यंत्रं त्याला ओळखायलाच तयार नव्हती. ज्या भविष्यासाठी जमीन राखली, ते भविष्य आलं तेव्हा वाटच बंद झालेली होती.

म्हणून दोन वाक्यं. पण कोणती? ते त्या जागेच्या जातीवर ठरतं.

पूर्ण कमांड राखीव असेल तर: पाठवणाऱ्याने पाठवू नये आणि घेणाऱ्याने स्पष्ट नकार द्यावा. मॉडबसमध्ये त्यासाठी नकाराचं कारण १ आहे, 'हे फंक्शन मला माहीत नाही'. गप्प बसू नये. डिव्हाइस गप्प बसलं तर मास्टर वाट पाहत थांबतो, पुन्हा पाठवतो, पुन्हा थांबतो. वायर उंदराने कुरतडली की कमांड ओळखली नाही, हे त्याला कळायला मार्ग राहत नाही. गप्प राहणं दोनच वेळी बरोबर: सीआरसी (संदेश वाटेत बिघडला का ते पकडणारा तपासणीचा आकडा) जुळत नसेल तेव्हा, आणि पत्ता ० वर सगळ्यांना मिळून संदेश आला असेल तेव्हा.

कमांडच्या आतला एखादा बिट राखीव असेल तर नियम बदलतो. बहुतेक ठिकाणी चांगला नियम असा: पाठवणाऱ्याने शून्य पाठवावा, घेणाऱ्याने त्याकडे लक्ष देऊ नये. असं केलं की उद्या तो बिट वापरात आला तरी जुनं यंत्र अडून बसत नाही. पण उलटा नियमही चालतो. एमक्यूटीटी ३.१.१ मध्ये कनेक्ट पॅकेटच्या झेंड्यांतला (फ्लॅगमधला) राखीव बिट शून्य नसेल तर सर्व्हरने जोडणी तोडायची आहे. पहिल्या नियमाने पुढची वाढ सोपी होते, दुसऱ्याने चूक लगेच पकडली जाते.

माझं मत विचाराल तर, ज्या यंत्राच्या मागे मोटार, व्हॉल्व्ह किंवा खतटाकी आहे तिथे राखीव बिटसुद्धा शून्य नसेल तर कमांड नाकारावी. ओलाव्याच्या सेन्सरने चुकीचा बिट दुर्लक्षित केला तर फार तर एक आकडा चुकतो. खताच्या पंपाने तसं केलं तर उभ्या कांदेबागेत, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीत, दुप्पट खत जातं, आणि केळीच्या मुळ्या ते सहन करत नाहीत.

कोणताही नियम निवडा, पण लिहा.

पायरी ४: व्हेंडर कमांडमध्ये मालकाचं नाव घाला

दोन कंपन्यांचे ६५ एकाच वायरवर येणारच, हे गृहीत धरून लिहा. वेगवेगळ्या प्रोटोकॉलनी यावर काढलेल्या युक्त्या पाहण्यासारख्या आहेत.

सर्व्हरच्या देखरेखीसाठी वापरल्या जाणाऱ्या आयपीएमआयमध्ये कंपन्यांसाठी एक वेगळा गट आहे. त्यातल्या कमांडच्या डेटाचे पहिले तीन बाइट म्हणजे कंपनीचा क्रमांक. हा क्रमांक आयाना ही संस्था विनामूल्य देते, आणि नेटवर्कवरच्या यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या एसएनएमपी प्रोटोकॉलच्या १.३.६.१.४.१ ह्या फांदीखाली तोच वापरला जातो. धुळ्यातली चार माणसांची कंपनीही अर्ज करू शकते. प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्या जीडीबी डिबगरच्या रिमोट प्रोटोकॉलमध्ये कंपनीचं नाव लहान लिपीत, मग टिंब, मग कमांडचं नाव अशी पद्धत सुचवली आहे. यूएसबीमध्ये विनंतीच्या पहिल्या बाइटमधले दोन बिट सांगतात की ही विनंती प्रमाण आहे, त्या वर्गाची आहे की व्हेंडरची. चौथी शक्यता राखीव.

नाव देण्याची एक पद्धत मात्र उचलू नका. मजकुरी प्रोटोकॉलमध्ये पूर्वी प्रयोगाच्या नावापुढे 'एक्स-' लावायचे. हेतू चांगला होता. पण प्रयोग यशस्वी झाला की ते नाव सगळीकडे पसरायचं आणि काढता येत नसे. मग 'एक्स-जीझिप' आणि 'जीझिप' दोन्ही समान समजा, असं प्रमाणातच लिहावं लागलं. अखेर २०१२ च्या आरएफसी ६६४८ ने नव्या नावांसाठी ही पद्धत बंद करायला सांगितलं. धडा असा की 'तात्पुरतं' हे नावात लिहू नका, तक्त्यात लिहा.

आता मॉडबस. त्या चोपड्याच्या प्रकरणानंतर आम्ही आमच्या प्रत्येक व्हेंडर कमांडच्या डेटाचे पहिले चार बाइट कंपनी क्रमांकाला दिले. डिव्हाइस आधी ते बाइट तपासतं आणि जुळले नाहीत तर कारण १ देऊन नाकारतं. यामुळे आमचं डिव्हाइस दुसऱ्याच्या कमांडपासून वाचतं. पण एवढ्यावर समाधान मानू नका, कारण दुसऱ्याचं डिव्हाइस आमच्या कमांडपासून वाचत नाही. त्या मीटरला ६५ दिसला की तो टोटलायझर पुसणारच, पुढचे चार बाइट त्याच्या लेखी कचरा.

म्हणून दुसरी अट मास्टरवर घालायची: ओळख पटल्याशिवाय व्हेंडर कमांड पाठवायची नाही. मॉडबसमध्ये यासाठी फंक्शन कोड ४३, उपप्रकार १४ आहे. तो विचारला की डिव्हाइस कंपनीचं नाव, मालाचा कोड आणि आवृत्ती सांगतं. ह्या तीन गोष्टी ०, १, २ ह्या क्रमांकांवर असतात, आणि १२८ पासून पुढचे क्रमांक कंपनीच्या खाजगी माहितीसाठी. स्वस्त मीटर बऱ्याचदा ४३ ओळखत नाहीत. मग त्या शिवारातल्या पत्त्यांची यादी हाताने भरावी लागते: पत्ता ५, अमुक मीटर, व्हेंडर कमांड पाठवू नये. यादीत नसलेल्या पत्त्याला फक्त सार्वजनिक कमांड.

पत्ता ० वर व्हेंडर कमांड कधीच नाही. तिथे उत्तर येत नाही, त्यामुळे कोणी काय केलं ते कळत नाही.

पायरी ५: एका कमांडला एक पान

पान कसं असावं ते आमच्या एका कमांडवरून दाखवतो.

कमांड ६६, उपक्रमांक ३: खत-व्हॉल्व्ह ठरावीक वेळ उघडणे
स्थिती: व्हेंडरची, फर्मवेअर २.१ पासून
विनंतीचा डेटा: कंपनी क्रमांक ४ बाइट, उपक्रमांक १ बाइट, व्हॉल्व्ह क्रमांक १ बाइट, वेळ २ बाइट, राखीव १ बाइट
वेळेचं एकक: सेकंद, १ ते ३६००, वरिष्ठ बाइट आधी
राखीव बाइट: बंधनकारक, मास्टरने ० पाठवायचा. ० नसेल तर डिव्हाइसने कारण ३ देऊन नाकारायचं
यशस्वी उत्तर: विनंतीचा डेटा जसाच्या तसा
नकार: कंपनी क्रमांक जुळला नाही तर १. वेळ किंवा व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर असेल तर ३. दुसरं खतचक्र चालू असेल तर ६
पुन्हा आली तर: वेळ नव्याने मोजायला सुरुवात, आधीच्या वेळेत मिळवायचा नाही
लाईट गेली तर: व्हॉल्व्ह बंद, लाईट आल्यावर आपोआप उघडायचा नाही
पत्ता ० वर: दुर्लक्ष

'पुन्हा आली तर' ही ओळ मी दुसऱ्या कुठल्या मॅन्युअलमध्ये क्वचितच पाहिली, आणि तिच्यावाचून काम चालत नाही. उत्तर वाटेत हरवलं की मास्टर तीच कमांड पुन्हा पाठवतो. दहा मिनिटांवर दहा मिनिटं चढली तर खत दुप्पट. 'लाईट गेली तर' ही ओळ आपल्या भागासाठी. शेतीच्या फीडरची लाईट पाळीने येते, अर्धं सिंचन रात्री होतं, आणि यंत्र अर्धवट कामातून परत उठणं हा रोजचा प्रसंग आहे.

बाइटच्या क्रमाबद्दल एक इशारा. मॉडबसमध्ये रजिस्टरचा वरिष्ठ बाइट आधी जातो, पण त्याच फ्रेमच्या शेवटी सीआरसीचा कनिष्ठ बाइट आधी. दोन्ही लिहा. एक लिहून दुसरा गृहीत धरला की वाचणारा हमखास उलटा धरतो.

पायरी ६: मराठीत लिहिताना 'नये' सांभाळा

कामगारांसाठी आणि वायरमनसाठी मराठी प्रत काढाच. पण एक अडचण येते. इंग्रजी दस्तऐवजांत १९९७ च्या आरएफसी २११९ पासून 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' यांचे अर्थ ठरलेले आहेत. २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने स्पष्ट केलं की हे शब्द मोठ्या लिपीत लिहिले तरच तो खास अर्थ. देवनागरीत मोठी लिपी नाही. आणि 'पाठवू नये' हे आपल्याकडे 'उन्हात फिरू नये' ह्या चालीवर वाचलं जातं. म्हणजे न पाठवलेलं बरं, पण पाठवलं तरी कोण विचारतं.

आम्ही वाक्याच्या सुरुवातीला शब्द लावतो: बंधनकारक, शिफारस, ऐच्छिक. ह्या तिघांचा अर्थ पहिल्या पानावर. आणि कर्ता कधीही गाळत नाही. 'राखीव बाइट शून्य ठेवला जावा' ह्या वाक्यात कोणी ठेवायचा? 'मास्टरने शून्य पाठवायचा' म्हटलं की प्रश्न उरत नाही.

पायरी ७: कागद खरा आहे का ते यंत्राला विचारा

तक्ता तयार झाला की टेबलावर एक डिव्हाइस घ्या. मोटार, व्हॉल्व्ह, काहीही जोडलेलं नको. पायथनमध्ये वीस ओळींचा कोड लिहून १ ते १२७ पर्यंतचा प्रत्येक कोड त्याला पाठवा आणि उत्तर तक्त्याशी जुळवा. जिथे तक्ता 'राखीव' म्हणतो तिथे नकार, कारण १, आलाच पाहिजे. वेगळं काही आलं तर एकतर फर्मवेअर चुकलं किंवा कागद.

ह्या चाचणीत बहुतेक वेळा एखादी अशी कमांड सापडते जी कोणालाच आठवत नाही. कारखान्यात कॅलिब्रेशन करताना घातलेली, काढायची राहून गेलेली. 'ती कोणाला माहीत नाही, म्हणून सुरक्षित आहे' असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. साध्या मॉडबसमध्ये पासवर्ड नाही, वायरपर्यंत पोहोचलेला कोणीही तुमच्यासारखाच १ ते १२७ मोजू शकतो. ती कमांड काढा. काढता येत नसेल तर कंपनीच्या आतल्या तक्त्यात तरी पूर्ण नोंद करा आणि बाहेरच्या तक्त्यात 'राखीव: कारखान्यासाठी, मास्टरने पाठवायचा नाही' असं खरं कारण द्या.

मोठ्या प्रोटोकॉलमध्ये हीच चाचणी कायमची चालू ठेवली जाते. वेबवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या टीएलएस प्रोटोकॉलसाठी २०२० साली आरएफसी ८७०१ आला. त्यात काही निरर्थक क्रमांक मुद्दाम राखून ठेवले आहेत, आणि काही ब्राउझर ते मुद्दाम पाठवतात. अनोळखी क्रमांक पाहून अडून बसणारे सर्व्हर त्यामुळे वेळीच उघडे पडतात.

पायरी ८: फेरफार

तक्ता कोडसोबत गिटमध्ये (फायलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा, वेगळ्या वर्ड फाइलमध्ये नाही. शक्य असेल तर फर्मवेअरमधले कमांडचे क्रमांक त्याच तक्त्यातून आपोआप तयार करा, म्हणजे कागद आणि यंत्र वेगळे होतच नाहीत. प्रत्येक बदलाला तारीख, आवृत्ती आणि कारण. जमिनीच्या फेरफारात जुना मालक खोडला जातो पण मिटवला जात नाही. तशीच निवृत्त कमांडची ओळ जागेवर राहू द्या.

आणि शेवटचं काम शेतावरचं. तक्त्याचा एक पानी गोषवारा छापून, लॅमिनेट करून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा: वायरवरचे सगळे पत्ते, प्रत्येक पत्त्यावर कोणाचं डिव्हाइस आणि त्याला व्हेंडर कमांड चालते की नाही. खाली चार-पाच ओळी कोऱ्या ठेवा आणि तारेला बांधलेला मार्कर सोडा. नवा मीटर बसवणारा मेकॅनिक आपल्याला फोन करेलच असं नाही, पण समोर कोरी ओळ दिसली तर पत्ता लिहून जातो. आबांच्या पॅनेलवर आता पाच ओळी भरल्या आहेत, त्यातल्या दोन आमच्या अक्षरात नाहीत. महिन्यातून एकदा ते दार उघडून फोटो पाठवतात आणि आम्ही मास्टरमधली यादी त्याच्याशी जुळवून घेतो.